पाड्यापर्यंत गेलेली परीक्षानळी

डॉ. सुदाम काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. सिकलसेल या एकाच रक्तदोषामागे या माणसाने आयुष्य घातले. पुण्यात राहून त्यांनी ज्यांच्यासाठी काम केले, ती माणसे सातपुड्यात आणि गडचिरोलीत राहत होती. मला त्यांच्या कामाचे मोल इथेच दिसते.

हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, असाच समज बराच काळ होता. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर भागातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली आणि महाराष्ट्राचा प्रश्न जगापुढे आला. नोंद झाली, पण दुर्गम पाड्यांवर पोचायला आणखी बरीच वर्षे जायची होती.

दोष तसा एका अक्षराएवढा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच. पण प्राणवायू कमी पडला की त्या हिमोग्लोबिनच्या कांड्या बनतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे-सांधे असह्य ठणकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काहीच होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

तपासणीची पहिली पायरी, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी, मात्र स्वस्त आणि सोपी आहे. थेंबभर रक्त रसायनाच्या नळीत टाकायचे. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की संशय घ्यायचा आणि इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करायची. गाठायला अवघड होती ती माणसे.

काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये महाराष्ट्राचे चित्र मांडले, ते आजही पायाभूत वाटते. वेगवेगळ्या जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत होते. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर यांच्यात ते २० ते ३५ टक्के निघाले. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा त्यांचा अंदाज होता. ही आकडेवारी हाती असताना प्रत्येक तालुक्याला तपासणी आणि औषध पोचायला इतका काळ लागावा, याचे मला दुःख होते.

पुढे राज्याचा कार्यक्रम आला. रुग्णाला लाल आणि वाहकाला पिवळे कार्ड मिळू लागले. फॉलिक ॲसिडबरोबर हायड्रॉक्सीयुरियाचा वापर वाढला. या औषधाने रुग्णाच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे.

या मोहिमेचा भर आदिवासीबहुल जिल्ह्यांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण माणसे जिल्ह्यात बसून राहत नाहीत. पणदरे, माळेगाव, इंदापूर हा बारामतीकडचा आमचा उसाचा पट्टा. हंगामात तोडीला बीड-नगरकडची माणसे येतात, तशी राज्याच्या ऊसपट्ट्यात खानदेशातली आदिवासी कुटुंबेही उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेची थंडी, दुपारचे ऊन, अपुरे पाणी आणि अंगमेहनत. सिकलसेलच्या रुग्णाला झटका यायला नेमकी हीच कारणे पुरतात. मोळी उचलताना कुणी हातपाय धरून खाली बसला, तर मुकादम ते थकव्यावर ढकलतो, आणि गावच्या दवाखान्यातही सुई टोचून परत पाठवले जाण्याचा धोका असतो, कारण बारामतीकडे या आजाराचा संशय सहज कुणाच्या मनात येत नाही.

गाळप सुरू होताना कारखान्याच्या तळावर आरोग्य शिबिर घेता येते. त्यातच सोल्युबिलिटीच्या नळ्या ठेवाव्यात, गावाकडचे लाल-पिवळे कार्ड आहे का ते विचारावे आणि कार्डवाल्याची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल अशी सोय करावी.