हळू चालण्याचा गुन्हा

भरधाव मोटार हाकणाऱ्यास पोलिसाने अडवावे, हे समजण्यासारखे आहे. पण पेट्रोल वाचावे म्हणून सावकाश जाणाऱ्यासही अमेरिकेत तो अडवू शकतो! गंमत अशी की, ही काटकसर एकेकाळी तिथल्या सरकारनेच शिकवली. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा आली. शास्त्र सोपे आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ११० किलोमीटरवरून ८८ वर आले, की तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतो. १९९५ साली ही मर्यादा उठली. आज त्याच जुन्या वेगाने कुणी निघाला, तर मागे वाहने तुंबतात आणि पोलिसाला भलतीच शंका येते. मद्यपी चालक ओळखण्याच्या तिथल्या खुणांत, मर्यादेहून दहा मैलांनी कमी वेग हीही एक खूण आहे. मला पोलिसाचा फारसा दोष वाटत नाही. त्याला वेग दिसतो, हेतू कसा दिसावा? तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. तेव्हा काटकसरी माणसाने अगदी उजवा पट्टा धरावा. रहदारी अडवल्याचा दंड तरी बहुधा टळेल.