पिल्लाच्या शेपटीखाली पाहा

वसमतची हळद मोठी नावाजलेली. हंगामात इथल्या बाजारात हळदीची पोती उतरतात, मोठा व्यवहार होतो. पण मीठमिरचीला, मुलाच्या वहीपेन्सिलीला घरची बाई पैसा कुठून काढते? पुष्कळ घरी तो अंड्यांतून आणि कोंबड्यांतून येतो. म्हणून पिल्लू मेले की तिचेच नुकसान होते.

समजा, एका घरी वीस पिल्ले आणली. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू कोपऱ्यात गप्प उभे राहिले. पंख लोंबले, डोळे मिटले. सकाळी ते मेले. दोन दिवसांनी दुसरे गेले. कोणी म्हणाले, "दृष्ट लागली." कोणी म्हणाले, "पिल्लंच खराब निघाली." पण मेलेल्या पिल्लाच्या शेपटीखाली कोणी पाहिले का? पाहिले असते, तर कारण बहुधा तिथेच दिसले असते.

वाट बंद झाली तर

शेपटीखाली पिल्लाची विष्ठेची वाट असते. पहिल्या आठवड्यात कधी कधी विष्ठा पातळ होते. ती तिथल्या लवेला चिकटते, वाळते आणि तिचे बूच बसते. मग पिल्लाला शी करता येत नाही. बूच निघाले नाही, तर पिल्लू मरते.

असे का होते? पिल्लाला गारठा लागतो, किंवा फार उकडते. गाडीतून लांबून आणताना त्याचे हाल होतात. कधी खाणे बाधते.

उपाय घरचाच आहे. कोमट पाण्यात स्वच्छ फडके भिजवा. ते चिकटलेल्या जागी थोडा वेळ धरा. घाण मऊ झाली की हळूच पुसा. कोरडी घाण ओढू नका. ओढली तर लव उपटते, कातडी फाटते आणि नवी जखम होते. पुसून झाल्यावर पिल्लाला कोरडे करा, ऊब द्या. त्या जागी खोबरेल तेलाचे बोट फिरवा.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. शेपटीखालच्या वाटेच्या पुढे, पोटावर, पिल्लाची बेंबी असते. तिच्यावर काळी खपली दिसते. ती घाण नव्हे. ती ओढू नका, आपोआप गळून पडते.

रक्त दिसले की टोच सुरू

दुसरा धोका टोचण्याचा. कोंबडीला लाल रंग लगेच दिसतो. एका पिल्लाच्या शेपटीजवळ थोडे रक्त आले, की दुसरे तिथे चोच मारते. मग तिसरे मारते. बघता बघता सगळी त्याच्यावर तुटून पडतात. जखम खोल गेली तर आतडेही बाहेर येते.

असे पिल्लू दिसले, की पहिले काम एकच. त्याला उचला आणि वेगळ्या डालग्याखाली ठेवा. औषध मागाहून.

मग जखम धुवा. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा. त्यात एक लहान चमचा मीठ विरघळवा. त्या पाण्याने जखम धुऊन स्वच्छ फडक्याने टिपा. जखम लहान असेल, तर घरी कुटलेली स्वच्छ हळद खोबरेल तेलात कालवून पातळ लावा. हळद आपल्याकडे जखमेवर पिढ्यान्‌पिढ्या लावतात. तिच्या पिवळ्या रंगाने रक्ताची लाली थोडी झाकतेही. पण खोल जखम हळदीने बरी होणार नाही, हेही तितकेच खरे.

जखमेवर माशी बसू देऊ नका. माशी अंडी घालते आणि जखमेत अळ्या पडतात. पावसाळ्यात तर रोज दोनदा पाहा.

जखम वाळली, तिच्यावर पिसे आली, म्हणजे पिल्लाला परत सोडा. सोडायचे ते तिन्हीसांजेला, सगळी बसती होताना. कोंबड्यांत थोरला-धाकटा असा मान असतो. सुमारे 100 वर्षांपूर्वी नॉर्वे देशातल्या एका अभ्यासकाने कोंबड्या पाहून हे लिहून ठेवले. काही दिवस दूर राहिलेल्या पिल्लाला परत आपली जागा मिळवावी लागते. म्हणून पहिले दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवा.

टोचतात तरी का?

पिल्ले दुष्ट नसतात. दाटी झाली, उकाडा झाला, उजेड फार झगझगीत असला, चारापाणी पुरेना, की ती टोचतात. नुसत्या कण्या-भरड्यावर वाढलेल्या पिल्लांना अंगाला लागेल असे खाणे कमी पडते. तीही एकमेकांची पिसे ओढतात.

म्हणून जागा मोजा. वीस पिल्लांना पहिला महिना 5 फूट लांब आणि 2 फूट रुंद जागा हवी. दुसऱ्या महिन्यात ती दुप्पट करा. पाण्याची भांडी एकाऐवजी दोन ठेवा. मेथीची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी त्यांच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगा. चोचीला काम मिळाले, की शेजाऱ्याची शेपटी सुटते.

ऊब किती हवी, ते पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवली, तर थंडी वाजते. दूर पळून धापा टाकू लागली, तर उकडते. सगळीकडे पसरून निवांत बसली, तर ऊब बरोबर आहे. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. उबेसाठी जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लागतो. पण आपल्याकडच्या वैशाखात भर दुपारी तो बंदच ठेवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

एकदम पुष्कळ पिल्लांना पांढरी हगवण लागली, विष्ठेत रक्त दिसले, शेपटीखाली सूज किंवा पू आला, घाण वास सुटला, अळ्या पडल्या किंवा आतडे बाहेर आले, तर घरी वेळ घालवू नका. पांढऱ्या हगवणीचा एक रोग तर कोंबडीकडून अंड्यातूनच पिल्लात येतो. त्याला पुसणे पुरत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. सोबत नुकतेच मेलेले पिल्लू पिशवीत बांधून न्या, म्हणजे डॉक्टरांना रोग ओळखता येईल. माणसांच्या गोळ्या पिल्लांना अंदाजाने देऊ नका. आणि पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा. त्यांच्या विष्ठेतले जंतू आपल्या मुलांच्याही पोटात जातात.

आम्ही एवढेच सांगतो. रोज सकाळी खुराडे उघडताना एकेक पिल्लू हातात घ्या आणि त्याच्या शेपटीखाली पाहा. वीस पिल्लांना पाव तासही लागत नाही. कोरडे, स्वच्छ दिसले तर सोडून द्या. ओले, चिकटलेले किंवा लाल दिसले, तर तेवढे वेगळे काढा. एक वेळेवर वेगळे काढले, तर त्याचाही जीव वाचेल आणि बाकीच्या एकोणीस पिल्लांना टोचण्याची खोड लागणार नाही.