नव्या ट्रॉलीच्या सांगाड्यावरील गंज

बैलगाडीच्या काळात शेतकऱ्यास गंजाची फारशी चिंता करावी लागत नसे. साटी, जू, दांड्या ही सारी लाकडाची असत. लोखंड मुख्यत्वे आसाचे व चाकावरील धावेचे. आसाला वंगण मिळे आणि धाव रस्त्याच्या घर्षणाने झळकत राही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची गोष्ट निराळी आहे. तिचा सबंध सांगाडा लोखंडी चॅनेल, अँगल व पत्रा यांचा असून तो वेल्डिंगने जोडलेला असतो.

कर्ज काढून आणलेली नवी ट्रॉली पहिला पावसाळा सरताच सांध्यासांध्यांवर तांबूस दिसू लागली, म्हणजे आपणांस जुने लोखंड रंगवून दिले की काय, अशी शंका धन्याच्या मनात येते. ही शंका बहुधा निराधार असते. परंतु वरवरचा गंज म्हणून स्वस्थ बसणेही योग्य नव्हे. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा जोड भर रस्त्यात तुटला, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

गंज वेल्डिंगच्या जागीच प्रथम का दिसतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. वेल्डिंग करताना सांध्यावर काचेसारखी एक खपली जमते व आजूबाजूस ठिणग्यांचे बारीक गोळे चिकटून बसतात. हातोडीने व तारेच्या ब्रशाने ही खपली काढल्यावाचून रंग दिला, तर तो रंग लोखंडास न चिकटता खपलीस चिकटतो. पहिल्या खडबडीत वाटेवर सांगाडा हादरला की खपली सुटते व तिच्यासह रंगही जातो. शिवाय गोळ्यांच्या टोकांवर रंगाचा थर अतिशय पातळ बसतो. गिरणीत तापवून लाटलेल्या लोखंडावर मुळातच एक निळसर काळा पापुद्रा असतो, तोही असाच फसवा. दिसावयास तो गुळगुळीत व टिकाऊ दिसतो. परंतु जेथे तो तडकतो, तेथे उघडे पडलेले लोखंड पापुद्र्याच्या सान्निध्यामुळे अधिकच वेगाने झिजते व खोल खड्डे पडतात.

याहून घातक म्हणजे सांध्यातील फट. खर्च वाचविण्यासाठी दोन पट्ट्या सलग न जोडता मध्ये अंतर सोडून तुकड्या-तुकड्यांनी जोडण्याची रीत आहे. या अंतरात दोन लोखंडांमध्ये केसाएवढी फट राहते. पाणी तीत आपोआप ओढले जाते व उन्हातही लवकर वाळत नाही. फटीच्या तोंडाशी हवा भरपूर व आत अल्प, अशा स्थितीत गंज आतल्या बाजूस जोर धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आतून पट्ट्या फुगवितो आणि सांध्यावर ताण आणतो. बाहेर दिसतो तो केवळ एक तांबडा ओघळ.

हवेतील आर्द्रता साधारणपणे साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढतो, हे लक्षात घेता कोकणात पावसाळाभर उघड्यावर ठेवलेल्या ट्रॉलीची काय दशा होत असेल याची कल्पना येईल. किनाऱ्यालगत खारी हवा त्यात भर घालते. घाटावर, ऊस वाहणाऱ्या भागांत, उसाचा आम्लधर्मी रस व पाचटाचा ओला कचरा कोपऱ्यांत साठून राहतो. शेणखत आणि रासायनिक खते यांविषयी तर विशेष सावध असावे. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराईडयुक्त असल्याने त्याचे थोडेसे सांडलेले दाणेही दमट हवेत ओल धरून लोखंड खातात. खत वाहिल्यानंतर ट्रॉली त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी.

वरवरचा गंज कोणता व धोक्याचा कोणता, हे ओळखणे ग्रामसेवकासही कठीण नाही. तारेच्या ब्रशाने घासताच भुकटी निघून खाली अखंड लोखंड लागले, तर भिण्याचे कारण नाही. पापुद्रे सुटत असतील, किंवा हलक्या हातोडीने ठोकले असता इतरत्र खणखणीत व तेथे बद्द आवाज येत असेल, तर लोखंड आतून गेले असे समजावे. सर्वांत मोठी धोक्याची खूण म्हणजे वेल्डिंगच्या कडेला समांतर दिसणारी बारीक तपकिरी रेघ. ती बहुधा चिरेतून पाझरणारा गंज असतो. शंका असल्यास जागा स्वच्छ घासून तीवर रॉकेल लावावे, काही वेळाने पुसून कोरडी करावी आणि खडूची पूड लावावी. चीर असल्यास आतले रॉकेल पुडीत उतरून ओली रेघ उमटते. ट्रॅक्टरला जोडणारा दांडा, आसाजवळचे सांधे आणि पाट्यांचे आधार या तीन जागा प्रत्येक हंगामापूर्वी अशा तपासाव्यात. चिरेवर लांबी भरून रंग देणे म्हणजे धोका झाकणे होय. चीर तासून मोकळी करून कुशल वेल्डरकडून पुन्हा भरून घ्यावी; तत्पूर्वी रॉकेल पूर्णपणे पुसून व वाळवून टाकावे आणि ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवावी. वेल्डिंगची अर्थिंगची पकड सांध्याच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे चाकांच्या बेअरिंगमधून प्रवाह जाऊन ती बिघडणार नाहीत.

साध्या गंजावर उपाय घरचाच आहे. जागा चकचकीत होईपर्यंत घासावी, परंतु ग्राइंडरने वेल्डिंगची उंची उतरवू नये. तिच्यातच जोडाचे बळ असते. थिनरने तेलकटपणा पुसून त्याच दिवशी अस्तर लावावे, कारण घासलेले लोखंड एका दमट रात्रीतही पुन्हा तांबूस पडते. पूर्वी यासाठी जवसाच्या तेलात कालविलेला शेंदूर वापरीत. तो शिशाचा असल्याने विषारी आहे व आता टाळावा. झिंक क्रोमेटच्या अस्तरातील क्रोमियमही आरोग्यास अपायकारक आहे. झिंक फॉस्फेटचे अस्तर मिळते, तेच मागावे. केवळ अस्तरावर ट्रॉली वापरू नये. त्यातून ओल झिरपते. त्यावर ऑईल पेंटचे दोन हात हवेतच. दव पडलेल्या सकाळी किंवा दुपारी तापलेल्या लोखंडावर रंग देऊ नये.

नवी ट्रॉली बनवून घेणाऱ्यांनी रंग देण्यापूर्वी वर्कशॉपात जाऊन सांगाडा उघडा पाहावा. रंगानंतर सारेच सांधे सारखे दिसतात. मुख्य सांधे सलग वेल्ड केलेले असावेत, खपली निघालेली असावी, आणि ज्या पोकळ नळीत पाणी शिरू शकते तिच्या सर्वांत खालच्या टोकास पाणी निघून जाण्याइतके भोक ठेवावयास सांगावे.