व्हिक्टोरियाकालीन नौकायद्यांचे निरसन

पार्श्वभूमी

आरमाराचे व नौवहनाचे कालबाह्य कायदे ब्रिटनने राणी व्हिक्टोरियाच्या काळात वेळोवेळी रद्द केले. १८६५ मध्ये त्यासाठी एक स्वतंत्र निरसन अधिनियमही झाला. त्याच राजवटीत केलेले काही सागरी कायदे मात्र भारतात २०१८ पर्यंत चालू राहिले. १८४० व १८६१ चे ॲडमिरल्टी (म्हणजे सागरी दाव्यांच्या) न्यायालयाचे अधिनियम, वसाहतींसाठीचा १८९० चा अधिनियम आणि त्याला जोडून आलेला १८९१ चा भारतीय अधिनियम हे त्यांतील प्रमुख.

जहाजाविरुद्ध दावा

मालक परदेशी, ध्वज तिसऱ्याच देशाचा आणि जहाज आज बंदरात तर उद्या खुल्या समुद्रात. अशा स्थितीत खलाशांचे थकलेले वेतन किंवा मालाची भरपाई वसूल करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ॲडमिरल्टी न्यायालयात दावा थेट जहाजाविरुद्ध लावता येतो आणि न्यायालय ते बंदरातच अडकवून ठेवते. मालकाने पुरेसे तारण दिल्यास जहाज सुटते. न दिल्यास ते विकून आलेल्या रकमेतून दावे भागवले जातात.

गोठलेली अधिकारिता

१८९० च्या अधिनियमाने वसाहतींतील न्यायालयांना इंग्लंडच्या उच्च न्यायालयाइतकेच अधिकार दिले. हे अधिकार म्हणजे त्या वर्षी होते तेवढेच, असा अर्थ पुढे रूढ झाला. ब्रिटनने आपली व्यवस्था १९२५ व १९५६ मध्ये बदलली. भारतात संविधानाच्या अनुच्छेद ३७२ नुसार जुने कायदे चालू राहिले आणि १८६१ ची चौकटही तशीच राहिली. त्या चौकटीत बंदरात येणाऱ्या मालाच्या दाव्यांची सोय होती, बाहेर जाणाऱ्या मालाची नव्हती. निर्यात करणाऱ्या स्वतंत्र देशासाठी ही उणीव गंभीर होती.

मुरगावचे प्रकरण

१९८४ मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी जहाज गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाले. बिल ऑफ लॅडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती) न देताच ते गेले व माल आपल्या सूचनेविरुद्ध हवाली केला, असा तेथील निर्यातदार कंपनीचा दावा होता. जहाज विशाखापट्टणमला येताच आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने अडकवले गेले. बाहेर जाणाऱ्या मालाचा दावा चालवण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असा बचाव जहाजाच्या बाजूने झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तो फेटाळला: उच्च न्यायालयांचे अधिकार वसाहतकालीन कायद्यात बंदिस्त नाहीत. या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल. तरीही संसदेने कायदा करण्याची गरज उरलीच, आणि तिला आणखी पाव शतक लागले.

निरसन आणि नवी व्यवस्था

२०१७ चा ॲडमिरल्टी अधिनियम १ एप्रिल २०१८ रोजी अमलात आला. त्याच्या कलम १७ ने वरील चारही कायदे आणि १८६५ च्या लेटर्स पेटंटमधील (उच्च न्यायालयांच्या सनदांमधील) संबंधित तरतुदी रद्द केल्या. अधिकारिता मुंबईसह आठ उच्च न्यायालयांकडे आली, दाव्यांची यादी स्पष्ट झाली. हिंगोलीची हळद न्हावा शेवाहून जहाजाने निघाली आणि वाटेत खराब झाली, तर तिच्या नुकसानीचा दावाही या यादीत बसतो.

मर्यादा

युद्धनौका व सरकारची बिगर-व्यापारी जहाजे या कायद्याबाहेर आहेत. अंतर्देशीय जलवाहतुकीच्या नौकाही, केंद्राने वेगळी अधिसूचना काढली नसेल तर, बाहेरच राहतात. जहाजावरील सागरी धारणाधिकार (मालक बदलला तरी जहाजावर टिकणारा दावेदाराचा हक्क) सामान्यतः एका वर्षात संपतो. खलाशांच्या वेतनासाठी ही मुदत दोन वर्षांची आहे आणि अग्रक्रमातही त्यांचे वेतन पहिले येते.