एका दाताची किंमत दहा हजार!

मुलांनो, आज आधी एक गणित सोडवू या. वही-पेन्सिल घ्या. एका मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला. जखमेत दातांच्या चार खुणा उमटल्या. प्रत्येक खुणेमागे भरपाई १०,००० रुपये. तर एकूण भरपाई किती?

सोपं आहे, ४०,०००. आता जरा अवघड. दुसऱ्या एका मुलीच्या हाताचं मांस फाटलं आणि जखम १ सेंटिमीटर भरली. दर ०.२ सेंटिमीटरला २०,००० रुपये. मग किती? पाच वेळा वीस हजार, म्हणजे एक लाख!

हे गणित पाठ्यपुस्तकातलं नाही बरं का. हे दर ठरवले ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं, २०२३ साली. मोकाट जनावरांमुळे जखमी झालेल्या आणि दगावलेल्या लोकांच्या १९३ याचिका तिथं एकत्र सुनावणीला आल्या होत्या. न्यायमूर्ती विनोद भारद्वाज यांनी सांगितलं की भरपाई निदान एवढी तरी मिळालीच पाहिजे. ती आधी सरकारनं द्यायची. मग चूक ज्या खात्याची किंवा ज्या माणसाची असेल, त्याच्याकडून सरकार ती वसूल करू शकतं. भरपाई ठरवायला जिल्ह्याजिल्ह्यात समिती नेमायची आणि कागदपत्रं पूर्ण मिळाल्यावर चार महिन्यांत निकाल द्यायचा, असंही त्यांनी बजावलं.

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर घातलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग मुद्दामच पाय पुढे करावा की!" सगळा वर्ग खो खो हसला. पण भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे. शब्दच बघा ना! जे रिकामं झालं ते भरून देणं म्हणजे भरपाई. मुलाला दवाखान्यात न्यायला रिक्षाचे पैसे गेले. बाहेरून औषधं आणावी लागली. चार-पाच खेपा घालताना बाबांचा रोज बुडाला. मुलाची शाळा बुडाली. रात्री तो दचकून उठतो, तेही आलंच. हा खड्डा कुणाच्या तरी निष्काळजीपणानं पडला असेल, तर तो त्यानंच भरायला हवा. कायद्याचं म्हणणं एवढंच आहे.

मग भरायचा कुणी? कुत्रा पाळलेला असेल तर जबाबदारी मालकावर येते. आपला कुत्रा कुणाला इजा करणार नाही याची काळजी त्यानं घ्यायची. जाणूनबुजून किंवा हयगयीनं ती घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. दंड सरकारजमा होतो, जखमी माणसाला मिळेलच असं नाही. स्वतःच्या नुकसानीचे पैसे हवे असतील तर सहसा दिवाणी न्यायालयात वेगळा दावा करावा लागतो.

कुत्रा मोकाट असेल तर? त्याला मालक नसतो, पण कारभारी असतो! प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ साली नव्यानं आले. गावातल्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी करणं आणि त्यांना रेबीजची लस टोचणं हे काम त्या नियमांनी महापालिका, नगरपालिका, पंचायत अशा स्थानिक संस्थांवर टाकलं आहे. त्यांनी ते केलं नाही आणि कुणी जखमी झालं, तर त्यांना जाब विचारता येतो. त्यासाठी लोक उच्च न्यायालयाकडेही जातात. केरळमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समितीच नेमली होती. मोकाट कुत्रे चावलेल्यांचे अर्ज तपासायचे आणि कुणाला किती भरपाई द्यावी ते सुचवायचं, हे तिचं काम.

पंजाब-हरियाणाचा दर आपल्या महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही, हे मात्र पालकांनी नीट समजून घ्यावं. तो निकाल पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरता आहे. आपल्याकडे अर्ज करताना वा दावा लावताना वकील तो दाखला म्हणून पुढे ठेवू शकतात. बाकी आपलं नुकसान आपल्यालाच कागदांनिशी सिद्ध करावं लागतं.

आता खरी गोम सांगते. कुत्रा चावल्यावर पुष्कळ मुलं घरी सांगतच नाहीत! "आई रागावेल", "बाबा म्हणतील, तिकडे गेलासच कशाला", "पोटात चौदा इंजेक्शनं देतील". मग पायमोजा वर ओढायचा आणि गप्प बसायचं. मुलांनो, हे गप्प बसणं जिवावर बेतू शकतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. पण लक्षणं दिसण्याआधी वेळेवर लस घेतली तर हा रोग टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली. दोनच दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. तो मुलगा वाचला. आणि पोटातल्या त्या चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडा. ती जुनी लस २००४ सालानंतर आपल्या देशात बंद झाली. आताची लस दंडावर, ठरलेल्या दिवशी, चार-पाच वेळा घ्यायची असते.

म्हणून कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं, तरी आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. लगेच मोठ्या माणसाला सांगा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. लसीची एकही तारीख चुकवू नका.

गंमत अशी, की जीव वाचवणारा हा रस्ताच भरपाईकडेही जातो. दवाखान्याचा केसपेपर म्हणजे पहिला पुरावा. ज्यानं घरी सांगितलंच नाही, त्याच्याजवळ कागद कुठला? तेव्हा पालकांनो, एक फाइल करा. तिच्यात केसपेपर, लसीचं कार्ड, औषधांची बिलं आणि बुडालेल्या रोजाचा हिशेब ठेवा. जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. कुठे, कधी, कुणाचा कुत्रा, कुणी पाहिलं, हे त्याच दिवशी लिहून काढा. पोलीस ठाण्यात नोंद करा आणि तिची प्रत मागून घ्या. पालिकेला किंवा पंचायतीला दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या.

"वकिलाचे पैसे कुठून आणू?" असा प्रश्न पडेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नं मुलांना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० हा त्यांचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक. अठरा वर्षांखालच्या मुलाला स्वतः दावा लावता येत नाही. त्याच्या वतीनं आई-वडील किंवा दुसरं मोठं माणूस उभं राहतं. त्याला म्हणतात 'वादमित्र'. किती छान शब्द आहे, नाही का?

आणि हो, खरं तेच सांगायचं. कुत्र्याला दगड मारला असेल, शेपूट ओढली असेल, तर न्यायालयात समोरचा वकील तेच विचारणार. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, हात अंगाशी घेऊन स्तब्ध उभं राहावं. चावला म्हणून त्याला काठ्यांनी बडवणं किंवा विष घालणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. आपलं भांडण मुक्या जनावराशी नाही. त्याला लस न टोचणाऱ्या, साखळी न लावणाऱ्या माणसांशी आहे.

आता या आठवड्याचा गृहपाठ. रेबीजची लस तुमच्या घराजवळ कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, ते आई-बाबांबरोबर जाऊन विचारून या. त्या दवाखान्याचं नाव आणि १५१०० हा आकडा एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि पालकांनो, तुमचा गृहपाठ त्याहून छोटा आहे. मूल म्हणालं, "मला कुत्रा चावला," तर आधी नळ सोडा. रागवायचं ते नंतर बघू!