डब्यातली बाग आणि धीराची शाळा

फाल्गुन लागला की डोंबिवलीत ऊन चढू लागते. सकाळची लोकल गाठणाऱ्याला घाम फुटतो, आणि घरी राहणाऱ्या माउलीला दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. पण हेच ऊन भेंडी, गवार, चवळी, कारले, मिरची आणि लाल माठ यांना मानवते. म्हणून गॅलरीत, खिडकीत किंवा दारापुढच्या हातभर जागेत चार डबे मांडायचे असतील तर फेब्रुवारीची अखेर आणि मार्च हे दिवस चांगले.

जागा नाही, ही आपल्याकडची पहिली सबब. ती अगदीच खोटी नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात तिथे कुंडी कुठे ठेवायची? ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात घाम गाळला आणि स्वतःच्या नावावर गुंठाभरही पाहिला नाही, अशी कितीतरी घरे आपल्यात आहेत. त्यांच्या नातवंडांनी आपल्या दारात, आपल्या डब्यात, आपल्या हाताने बी लावावे यात आम्हाला मोठा अर्थ वाटतो. तेलाचा रिकामा पंधरा लिटरचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची धुतलेली गोणी, यातले काहीही चालते. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळाले म्हणजे झाले.

मातीपासून सुरुवात

डोंबिवलीकरांनी मातीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. 2020 च्या फेब्रुवारीत आपल्या एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. कारखान्यांच्या आसपासची किंवा नाल्याकाठची माती फुकट मिळते म्हणून उचलून आणू नये. त्या मातीत काय मुरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्याला तर त्यातले पिकवून मुलांच्या ताटात वाढायचे असते. रोपवाटिकेतून माती आणावी, किंवा गावी जाणे-येणे असेल तर शेतातली पिशवीभर आणावी.

डब्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडावीत. त्यावर नारळाच्या शेंड्या पसराव्यात. मग माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळलेला पालापाचोळा सारख्या प्रमाणात मिसळून डबा भरावा. भिजलेला डबा वीस किलोच्या आसपास जातो. त्यामुळे जुन्या चाळीच्या गॅलरीत डब्यांची रांग लावण्याआधी गॅलरीचा विचार करावा. कठड्यावर तर डबा कधीच ठेवू नये.

पहिल्या वर्षी काय होते?

पहिल्या वर्षी बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. रविवारी उत्साहाने बी टाकले जाते. मंगळवारी मुले माती उकरून पाहतात. शुक्रवारपर्यंत काही दिसले नाही की "बीच खराब होते" असा निकाल लागतो. खरे तर प्रत्येक बियाचे आपले वेळापत्रक असते. लाल माठ चार-पाच दिवसांत डोके वर काढतो. रात्रभर भिजवलेली भेंडी पाच ते सात दिवस घेते. धणे आठ ते बारा दिवस घेतात, आणि तेही हलके रगडून दोन फोडी केल्या तर. मिरची दोन आठवडेसुद्धा वाट पाहायला लावते. हे आकडे कागदावर लिहून डब्याला चिकटवले, तर मुलांचे उकरणे थांबते आणि त्यांना दिवस मोजण्याची गंमत लागते.

दुसरा प्रकार पाण्याचा. आपल्याला वाटते, जितके पाणी तितकी माया. पण सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पाने पिवळी पडतात, ती पाहून माणूस आणखी पाणी ओततो आणि रोप मरते. यावर सोपा उपाय आहे. बोट दोन पेरे मातीत घालावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. तांदूळ धुतलेले पाणी चालते, मिठाचे किंवा साबणाचे चालत नाही. नळाला पाण्याची ओढ असलेल्या घरांनी मातीवर वाळलेल्या पानांचा थर द्यावा, ओल टिकते. डब्याखाली ताटली ठेवली असेल तर तिच्यातले साचलेले पाणी रोज ओतून टाकावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात आठवडाभरात तयार होतो. आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, हे ध्यानात ठेवून पाणी द्यावे. बागेपायी शेजार तुटू नये.

तिसरी निराशा वेलाची. कारल्याच्या वेलाला भरभरून पिवळी फुले येतात आणि सगळी गळून जातात. घरात कुणीतरी वेल उपटायला निघते. थांबावे. वेलावर आधी नर फुले येतात, ती गळायचीच. मादी फुले मागाहून येतात, आणि त्यांच्या मागे इवलेसे कारले दिसते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर मधमाशी फिरकत नसेल तर सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हलकेच लावावा. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, म्हणून तिथे हे काम दिवेलागणीला करावे.

रोग-किडीचेही तसेच. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते आणि लागलेले रोप बरे होत नाही, ते काढून टाकावे. याच रोगाला तोंड देण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात काढली. मिरचीची पाने आकसून वळली तर तो बोकड्या. फुलकिडे आणि कोळी रस शोषतात त्याने तो होतो. लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. एका फवाऱ्यात कीड जात नाही, आठ दिवसांनी पुन्हा मारावे लागते.

प्रयोग करणारी माणसे

चुकतमाकत शिकणे ही अडाण्याची रीत आहे असे कुणी समजू नये. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. 1960 च्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगाव भागातले द्राक्षाचे शेतकरी आपापल्या मळ्यात छोटे प्रयोग करीत, काय झाले ते नीट टिपून ठेवीत आणि एकमेकांना कळवीत. अशा रीतीने ज्ञान वाढत गेले. दाभोळकरांच्या 'विपुलाच सृष्टी' या पुस्तकामागे हीच वाट आहे. दहा गुंठ्यांत पाच जणांचे कुटुंब नीट जगू शकते, असे ते हिशेबाने मांडीत.

शहरातलेही उदाहरण आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कामगारांचे जेवण जिथे शिजे, त्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाग फुलवली. भाज्यांची देठे-साले हेच तिथले खत. कामगारांच्या स्वयंपाकघरातला कचरा गच्चीवर जाऊन पुन्हा फळे-भाज्या झाला.

आपल्या घरातही हे करता येते. भोके पाडलेल्या बादलीत ओल्या कचऱ्याचा एक थर, वाळलेल्या पानांचा एक थर, असे रचत जावे. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून सुकी पाने वाढवावीत. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत मिळते. त्याआधी घाईने अर्धे कुजलेले खत डब्यात घालू नये, त्याच्या उष्णतेने मुळे भाजतात. कल्याणच्या आधारवाडीत वर्षानुवर्षे कचऱ्याचा डोंगर साचत गेला. त्यात प्रत्येक घरची रोजची पिशवी होती, हेही यानिमित्ताने आठवावे.

दाभोळकरांची रीत घरी वापरायची तर दोन डब्यांत एकच बी लावावे आणि फरक एकच ठेवावा. एकाला रोज पाणी, दुसऱ्याला बोट घालून पाहून. किंवा एक उन्हात, दुसरा जुन्या सुती साडीच्या सावलीत. मुलांच्या जुन्या वहीत तारीख घालून लिहावे. जो डबा वाळला त्याची नोंद आधी करावी, कारण पुढच्या वर्षी तीच कामाला येते.

हिशेब काय?

चार डब्यांनी आठवड्याचा बाजार सुटेल अशी आशा आम्ही दाखवणार नाही. चार-पाच रोपांतून एका वेळी मूठभर भेंडी निघते. पण मिरची, पुदिना, कढीपत्ता यांसाठी पिशवी घेऊन खाली उतरावे लागत नाही, आणि माठ महिन्याभरात एक वेळची भाजी देतो. फेब्रुवारीच्या अखेरीस लावलेली भेंडी 14 एप्रिलच्या सुमारास ताटात येते. गोडधोडाच्या त्या दिवशी घरची चार भेंडी मुलांनी तोडून आणली, तर आजीलाही ती चवीची लागतील.

त्याहून मोठी मिळकत वेगळी आहे. सगळे आजच्या आज हवे, अशी सवय आज लहानथोरांना लागली आहे. एका परीक्षेत मार्क कमी पडले की मूल खचते, आणि आईबापही खचतात. मिरचीचे रोप महिना-सव्वा महिना वाफ्यात वाढते, मग दुसऱ्या डब्यात जाते, आणि तिथून दोन महिन्यांनी मिरची लागते. ज्या मुलाने हे स्वतः पाहिले, त्याला नापास झालेला डबा पुन्हा भरता येतो हे सांगावे लागत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा तीनच डबे घ्या. एकात माठ, एकात भेंडी, एकात मिरची. माठ लवकर हाती येईल, भेंडी मधल्या दिवसांत उमेद टिकवील आणि मिरची वाट पाहायला शिकवील. एखादा डबा वाळला तर माती फेकू नका. ती उन्हात तापवा, खत मिसळा आणि पुन्हा बी टाका.