जुनी डिझेल गाडी ॲव्हरेज देत नाही? आधी मोजा, मग गॅरेजला जा

काजळी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला की भाट्ये लागते आणि हाच रस्ता पुढे पावसकडे जातो. या पट्ट्यात राहून रत्नागिरीच्या बाजारपेठेत दुकान चालविणारे, मिरकरवाडा बंदरातून मासळी उचलणारे, घरोघरी जाऊन फ्रीज-एसी दुरुस्त करणारे, हंगामात हापूसच्या पेट्या पोहोचविणारे, अशा सर्वांसाठी मोटार ही चैन नाही, धंद्याचे हत्यार आहे. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी डिझेल गाडी घेतली जाते आणि दोन-तीन महिन्यांत तक्रार सुरू होते, "गाडी डिझेल पिते."

पूर्वी ही तक्रार पोटात घालता येत असे. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि दोन इंधनांच्या दरातील ती मोठी तफावत पूर्वीसारखी राहिली नाही. आता डिझेल गाडीचा फायदा मुख्यतः ॲव्हरेजवर टिकून आहे. ॲव्हरेज गेले की फायदाही गेला.

हिशेब करून पाहू. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल तर ७५ लिटर डिझेल लागते. तीच गाडी १४ वर आली तर १०७ लिटर लागते. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर महिन्याला सुमारे २,९०० रुपये जादा, म्हणजे वर्षाला जवळपास ३५ हजार. लहान धंद्यात ही रक्कम थोडी नव्हे. पण घाईने इंजेक्टर आणि पंप बदलून याहून मोठी रक्कम घालविणारेही असतात. त्यामुळे तपासणीचा क्रम महत्त्वाचा. बिनखर्चाचे आधी, थोड्या खर्चाचे नंतर, मोठ्या खर्चाचे अगदी शेवटी.

ॲव्हरेज खरोखर कमी आहे का?

पाचशे-हजाराचे डिझेल टाकून काटा कुठे येतो यावर ॲव्हरेज ठरविण्याची पद्धत चुकीची आहे. टाकी फुल करावी, पंपाची नळी आपोआप बंद झाली की थांबावे आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. किमान चारशे-पाचशे किलोमीटर फिरल्यावर त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा फुल करावी. फिरलेल्या किलोमीटरला या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. दहा लिटरच्या मोजणीत एका लिटरची चूक झाली तर हिशेब दहा टक्क्यांनी बिघडतो. ३५ लिटरमध्ये तीच चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. असे तीन वेळा करून मगच आकडा खरा मानावा. डॅशबोर्डवरील आकडा केवळ अंदाजासाठी आहे.

किलोमीटरचा मीटरही तपासावा. आधीच्या मालकाने मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि नसलेला दोष गाडीच्या माथी येतो. मोबाईलवरील नकाशा लावून हातखंब्यापुढे महामार्गावर वीसेक किलोमीटर जावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

तुलना कशाशी करायची हेही समजून घ्यावे. जाहिरातीतील आकडा पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या प्रमाणित चाचणीचा असतो. त्या चाचणीत गाडी रुळांवर, ठरावीक वेगाने, एसी बंद ठेवून चालविली जाते. २०१७ च्या डिझायर डिझेलचा असा आकडा २८.४ होता. कोकणच्या चढ-उतारांवर, माल भरून, एसी लावून तो मिळणार नाही. आपली तुलना त्याच मॉडेलच्या, त्याच रस्त्यावर चालणाऱ्या दुसऱ्या गाडीशी हवी.

जवळचा फेरा महाग पडतो

भाट्ये ते बाजारपेठ हे अंतर इतके कमी की इंजिन पुरते तापण्याआधीच गाडी दुकानापाशी उभी राहते. डिझेल इंजिनचे पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर आले की ते नीट काम करते. थंड इंजिनात तेल घट्ट असते, घर्षण जास्त असते आणि त्याच कामाला डिझेल जास्त जाते. दिवसात असे सहा फेरे मारणाऱ्या गाडीची हातखंबा-लांजा धावणाऱ्या गाडीशी बरोबरी होत नाही. आंबा घाट चढून कोल्हापूरला माल नेणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा.

म्हणून एकदा गावातल्या फेऱ्यांचे आणि एकदा लांबच्या प्रवासाचे ॲव्हरेज वेगवेगळे काढावे. महामार्गावर गाडी चांगले ॲव्हरेज देत असेल आणि गावात देत नसेल, तर दोष बहुधा फेऱ्यांचा आहे. महामार्गावरही देत नसेल तर मात्र गाडी तपासायला हवी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातील काजळी अडविणारा डीपीएफ फिल्टर असतो. नुसत्या जवळच्या फेऱ्यांनी तो तुंबतो आणि ती काजळी जाळण्यासाठी गाडी जादा डिझेल वापरते. अशी गाडी अधूनमधून लांब नेलीच पाहिजे.

चाके मोकळी फिरतात का?

टायरची हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी तपासावी. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. पाच-सात पौंड हवा कमी असली तरी गाडी ओढायला जड होते. टायर एकाच कडेने झिजत असतील तर अलाइनमेंट करून घ्यावी. टपावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवावे. डिकीत महिनोन् महिने पडलेले जादा सामानही उतरवावे.

समुद्रकाठच्या गाड्यांचा खास आजार म्हणजे ब्रेक लागून राहणे. खाऱ्या हवेने ब्रेक कॅलिपरच्या पिना आणि हँडब्रेकची केबल गंजते. पायडलवरून पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि इंजिन दिवसभर त्या ब्रेकशी झुंजत राहते. तपासणी सोपी आहे. पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी चालवावी आणि उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावे. डिस्कला हात लावू नये, भाजेल. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागले तर चोर सापडला. मग गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून खात्री करावी. पिना साफ करून योग्य ग्रीस लावण्याचे काम फार मोठे नाही. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

क्लचही पाहावा. चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली आणि इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढला नाही, तर क्लच सरकतो आहे आणि तेवढे डिझेल फुकट जाते आहे.

इंजिनचा श्वास आणि ताप

डिझेल पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टर लवकर भरते. तो उजेडासमोर धरून पाहावा, तुंबला असेल तर बदलावा. धुऊन पुन्हा बसवू नये, कारण कागद फाटला तर धूळ थेट इंजिनात जाते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप तपासावेत. पाइप चिरला की रेस देताना फुस्स आवाज येतो, पिकअप जाते आणि गाडी काळा धूर ओकते. काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आणि मळलेला हवा मोजणारा सेन्सर यांचाही परिणाम असाच दिसतो.

धुराचा रंग पाहण्याची सवय लावावी. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे.

जुन्या गाडीत हमखास राहून जाणारी एक गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून कधीतरी तो काढूनच टाकलेला असतो, किंवा तो उघडा अडकलेला असतो. मग इंजिन कायम थंड राहते. गाडीतील कॉम्प्युटर इंजिन अजून तापले नाही असे समजून त्याप्रमाणे डिझेल देत राहतो. दहा-पंधरा किलोमीटर चालूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल तर आधी हेच पाहावे. धूर लपविण्यासाठी घट्ट ऑईल भरण्याची युक्तीही ॲव्हरेज खाते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच ऑईल वापरावे.

डिझेलची वाट

आता फिल्टर, पाइप आणि इंजेक्टर. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा आणि त्याच्या तळाशी साठलेले पाणी काढावे. पाइपांवर ओल, गाडीखाली ठिपके किंवा डिझेलचा वास असेल तर गळती आहे, ती त्याच दिवशी बंद करावी. ऑईलची पट्टीही पाहावी. ऑईल वाढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास असला तर डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरते आहे. अशी गाडी चालवू नये, बेअरिंग जातील.

ॲम्बॅसॅडर, जुनी सुमो, १९९८ ची पहिली इंडिका या गाड्यांत साधा यांत्रिक पंप आणि नोझल असत. त्यांची परीक्षा बाकड्यावर, कॅलिब्रेशन करणाऱ्या कारागिराकडे होते. पिकअप वाढविण्यासाठी पंपाचे सील तोडून स्क्रू फिरविला की जास्त डिझेल जाते आणि काळा धूर सुरू होतो. जुन्या गाडीत ते सील शाबूत आहे का ते जरूर पाहावे.

१९९७ साली इटलीच्या अल्फा रोमिओ १५६ मधून प्रवासी मोटारीत कॉमन रेल पद्धत आली. आपल्याकडे २००७ च्या स्विफ्ट डिझेलने फियाटचे १,२४८ सीसीचे असेच इंजिन घराघरांत नेले. पुढे डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो यांतही तेच आले. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या, त्यामुळे तिच्या बाजारात मिळतात त्या डिझेल गाड्या त्याआधीच्या आहेत. या इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. इंजिन चालू असताना पाइप सैल करून एकेक सिलिंडर तपासण्याची जुनी पद्धत इथे कधीही वापरू नये. त्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते.

इथे आधी स्कॅनर लावून घ्यावा. फॉल्ट कोडवर न थांबता पाण्याचे तापमान, हवेचे प्रमाण, रेलचा दाब आणि प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्ती-मात्रा पाहायला सांगावे. नंतर रिटर्नची चाचणी करावी. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवतात. एका बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल आले तर तो इंजेक्टर संशयित. चारही बदलण्याचा सल्ला मिळाला तर चार बाटल्या दाखवा म्हणावे. नवा इंजेक्टर बसविल्यावर अनेक गाड्यांत त्यावरचा कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, तो भरला की नाही हेही विचारावे. एवढे करूनही दोष सापडला नाही तरच कॉम्प्रेशन आणि इंजिन उतरविण्याचा विचार करावा.

खर्च कधी करावा?

एका वेळी एकच बदल करावा आणि टाकी फुल करून पुन्हा मोजावे. चार कामे एकदम केली तर कोणत्या कामाने फरक पडला ते कळत नाही. दुरुस्तीचा खर्च किती महिन्यांत वसूल होईल तेही पाहावे. समजा खर्च २९ हजार आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे महिन्याला २,९०० रुपये वाचणार आहेत, तर दहा महिन्यांत पैसे सुटतात. पण महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणाऱ्याची बचत सुमारे ७७० रुपये. त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. अशा माणसाने डिझेल गाडी ठेवावी का, हाच मूळ प्रश्न आहे. गळती, ऑईलमधील डिझेल आणि ब्रेकचा दोष यांना मात्र हा हिशेब लागू नाही. ते सुरक्षिततेचे काम आहे, ते लगेच करावे.

घेताना आणि विकताना

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. इंजिन गरम झाल्यावर ऑईलचे झाकण उघडून पाहावे. आतून जोराने धूर येत असेल तर रिंग झिजल्याची शंका घ्यावी. सर्व्हिसच्या पावत्या पाहून मीटरवरील किलोमीटरशी जुळवाव्यात. विकत घेण्यापूर्वी स्कॅनरची तपासणी मागावी. ज्या विक्रेत्याचा माल साफ आहे तो नाही म्हणणार नाही.

विकणाऱ्यानेही ऐब सांगूनच गाडी विकावी. रत्नागिरीसारख्या बाजारात घेणारा उद्या पुन्हा आपल्याच दुकानासमोर उभा राहतो. ॲव्हरेजच्या नोंदीची वही गाडीबरोबर दिली तर किमतीवर घासाघीस कमी होते आणि व्यवहार दोघांनाही समाधानाचा होतो. ही वही आजपासून ठेवावी. तारीख, किलोमीटर, लिटर आणि केलेले काम, एवढे चार रकाने पुरतात.